दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी डोळ्यांत वाळू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पुण्यात मराठी पुस्तकांचं डीटीपी करते आणि प्रुफं बघते, दिवसाला नऊ-दहा तास स्क्रीनपुढे, आणि त्यातली पहिली बरीच वर्षं डोळ्यांची पार वाट लावून घेतली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, थोडं वाचलं, जे कळलं ते बरोबरच्या मुलींना सांगत गेले, आणि आता भाच्यापासून जावेच्या मैत्रिणीपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न पाठवत असतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. आपला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा, सगळं एका बैठकीत वाचलंत तर परत डोळेच दुखणार.

१. स्क्रीनवर काम केलं की डोळ्यांना नक्की होतं काय?

दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि आपण त्या एकाच पिशवीत घालतो, तिथेच घोळ होतो. एक म्हणजे डोळा वरून सुकतो. त्याची लक्षणं: चुरचुर, वाळू गेल्यासारखं खुपणं, लाली, मधेच पाणी येणं, आणि पापणी मिटली की दोन सेकंद बरं वाटणं. दुसरी म्हणजे आतला स्नायू दमतो. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगवून धरायला एक बारीकसा स्नायू लागतो, तो तासन् तास आखडलेलाच राहिला की डोळे जड होतात, भुवयांच्या वर दुखतं, मान वर करून लांब बघितलं तर थोडा वेळ धूसर दिसतं. तुमचं कुठलं ते आधी ओळखा. सुकलेल्या डोळ्याला नवीन चष्मा घेऊन उपयोग नाही आणि दमलेल्या स्नायूला ड्रॉप घालून उपयोग नाही. बऱ्याच जणांना दोन्ही असतं, मला होतं.

२. यानं डोळे कायमचे खराब होतात का? आमचे बाबा म्हणतात आंधळा होशील.

मोठ्या माणसाची नजर निव्वळ स्क्रीनकडे बघून जाते असा पुरावा नाही. त्रास होतो, काम थांबवलं की बहुतेकदा तो उतरतो. मात्र वर्षानुवर्षं अर्धवट पापण्या मिटून पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या तर कोरडेपणा मुक्कामालाच येतो, मग तो रविवारीसुद्धा जात नाही. लहान मुलांचं वेगळं आहे, प्र. २२ बघा.

३. सगळे म्हणतात पापण्या मिटा. एवढ्यानं काय होणार?

एवढ्यानंच होतं बरं का. १९९३ साली जपानी संशोधकांनी ऑफिसात काम करणाऱ्या माणसांच्या पापण्या मोजल्या होत्या: आरामात बसलेलं असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, आणि स्क्रीनवर ७. म्हणजे तिपटीनं कमी. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो, खाली चिकटसर, मधे पाणी, वर तेलाचा पापुद्रा, आणि प्रत्येक वेळी पापणी मिटली की तो नव्यानं सारवला जातो. सारवणं थांबलं की जमीन भेगाळते, तसंच. त्यातही स्क्रीनवर आपण पापणी पूर्ण मिटतच नाही, अर्ध्यावर आणून परत वर नेतो. म्हणून नुसतं पटपट मिचकावून उपयोग नाही, वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे. मी प्रूफ बघताना पान संपलं की डोळे मिटते, दोन आकडे मोजते, उघडते. पान ही खूण सोयीची पडते, तुम्ही मेल पाठवला की, फाइल सेव्ह केली की, अशी काहीतरी खूण लावून घ्या. मोबाईलवर अलार्म लावू नका, तो दुसऱ्या दिवशी बंद होतो.

४. माझ्या डोळ्यांतून तर घळाघळा पाणी येतं, मग कोरडे कसे?

हा प्रश्न हमखास येतो. डोळा सुकला की त्याला झोंबतं, झोंबलं की तो कांदा कापताना येतं तसं पाणी सोडतो, आणि त्या पाण्यात तेलाचा भाग पुरेसा नसल्यामुळे ते टिकत नाही, गालावर वाहून जातं आणि डोळा परत कोरडा. विहीर आटलेली आणि अंगणात चिखल, असा प्रकार.

५. ते २०-२०-२० काय आहे? आणि आमच्या फ्लॅटमधे २० फूट आहेत कुठे?

दर २० मिनिटांनी, २० फूट लांब, २० सेकंद बघायचं. जेफ्री ॲन्शेल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या दृष्टितज्ज्ञानं ते लोकांच्या लक्षात राहावं म्हणून असं बांधलं. २० फूट म्हणजे ६ मीटर, तिथून पुढे बघताना त्या आतल्या स्नायूला जवळजवळ काहीच करावं लागत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. १८ मिनिटं झाली का २५ झाली याला काही अर्थ नाही. फ्लॅटमधे खिडकीतून बघा, मी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या मोजते, सात आहेत, एकीचं झाकण कायम उघडं असतं. मोबाईल हातात घेऊन व्हॉट्सॲप बघणं ही विश्रांती नव्हे, तो तर स्क्रीनपेक्षाही जवळ असतो. आणि हा उपाय मुख्यतः दमणुकीवरचा, कोरडेपणासाठी प्र. ३ आणि प्र. ११.

६. स्क्रीन किती लांब, किती उंच?

हात सरळ पुढे केला तर बोटं स्क्रीनला टेकतील न टेकतील एवढं अंतर, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंटिमीटर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, म्हणजे नजर जरा उतरती राहते. नजर वर असली की डोळा जास्त उघडा राहतो आणि जास्त सुकतो, म्हणून स्क्रीन उंचावर टांगणं हे मानेला आणि डोळ्यांना दोघांनाही वाईट.

अंतराचा फरक किती पडतो ते बघा. ज्याची लांबची नजर चांगली आहे (किंवा चष्म्यानं चांगली केलेली आहे) त्याच्या डोळ्याला ४० सेंटिमीटरवरचं वाचायला अडीच नंबराएवढा जोर लावावा लागतो, ६६ सेंटिमीटरवर तोच दीडवर येतो. फक्त वीतभर मागे सरकून. मी स्वतः एकदा शिवणाचा टेप घेऊन मोजलं तर माझं अंतर ३८ सेंटिमीटर निघालं, मी नाक लावून काम करत होते आणि मला वाटत होतं मी मस्त ताठ बसलेय.

लॅपटॉपची अडचण अशी की कीबोर्ड जवळ हवा आणि स्क्रीन लांब हवी, आणि ती दोघं बिजागरीनं बांधलेली. दिवसभराचं काम असेल तर वेगळा कीबोर्ड-माउस घ्या आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवा, पाच-सहा जाडजूड अंक पुरतात. स्टँडच हवा असं काही नाही. कागदावरून टाइप करत असाल तर कागद टेबलावर आडवा टाकू नका, स्क्रीनच्या शेजारी, स्क्रीनएवढ्याच अंतरावर उभा करा, नाहीतर डोळा दिवसभर खालीवर, जवळ-लांब करत राहतो.

७. ब्राइटनेस किती ठेवू?

स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन ट्यूबसारखी चमकली तर कमी करा, मळकट दिसली तर वाढवा. दिवसातून दोन-तीनदा बदलावं लागतं कारण खोलीतला उजेड बदलतो. मग स्क्रीन बंद करून काळ्या काचेत काय दिसतं ते बघा: ट्यूबलाइट दिसली, खिडकी दिसली, तर तेच प्रतिबिंब तुम्ही दिवसभर अक्षरांच्या आडून बघताय. खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको. अंधाऱ्या खोलीत एकटी स्क्रीन चालू ठेवून बसणाऱ्यांनी निदान मागे एक दिवा लावा.

८. दुकानदार म्हणाला ब्ल्यू कट (निळा प्रकाश अडवणारी काच) घ्याच. घेऊ का?

नका घेऊ. निदान डोळे दुखतात म्हणून तरी नका घेऊ.

दुकानात तो खेळ करतात ना, जांभळट-निळी टॉर्च आणि छोटं कार्ड, साधी काच धरली की प्रकाश आरपार जाऊन कार्डावर डाग उमटतो, ब्ल्यू कट धरली की काहीच नाही. मी त्याच खेळाला भुलून जास्तीचे पैसे मोजले होते आणि महिनाभर स्वतःला सांगत होते की फरक वाटतोय. गोम अशी की टॉर्चचा तो जांभळट प्रकाश या काचा जवळजवळ सगळा अडवतात, पण स्क्रीनमधून जो निळा येतो त्यातला या काचा साधारण १० ते २५ टक्केच अडवतात. आणि सगळा अडवला तरी काय, डोळे दुखतात ते निळ्या प्रकाशानं नाही, ते प्र. १ मधल्या दोन कारणांनी. २०२३ मधे कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं १७ चाचण्या एकत्र तपासल्या, निष्कर्ष असा की स्क्रीनच्या त्रासात या काचांनी बहुधा काही फरक पडत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संस्थासुद्धा निळा प्रकाश अडवायला म्हणून कॉम्प्युटरसाठी खास असा चष्मा सुचवत नाही. आणि दुपारी बारा वाजता गच्चीवर पापड वाळत घालायला गेलात तर स्क्रीनच्या कितीतरी पट निळा प्रकाश तसाच डोळ्यांत जातो, त्याला कोणी काही म्हणत नाही.

अँटी-ग्लेअर कोटिंग ही वेगळी गोष्ट आहे, त्यानं काचेवरची चमक कमी होते. ते घ्यायला हरकत नाही.

९. मग नाइट मोड पण बंद करू?

राहू दे. रात्री झोपेच्या आधीचा झगझगीत उजेड झोप लांबवतो हे खरंय, त्यासाठी पिवळा आणि मंद केलेला बरा वाटतो. डोळे दुखण्यावर मात्र ते औषध नाही.

१०. डार्क मोड चांगला की साधा?

ज्यांना सिलिंडर नंबर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यानं लागणारा) आहे त्यांना काळ्यावर पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात, कडांना धूर आल्यासारखा. कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला दोष जास्त उघडा पडतो. उजेडाच्या खोलीत लांबलचक मजकूर वाचायचा असेल तर पांढऱ्यावर काळंच बरं. रात्री अंथरुणात चार ओळी बघायच्या तर डार्क मोड ठीक. कोडिंगवाली पोरं यावर हमरीतुमरीवर येतात, त्यांना ज्यात सुख वाटतं ते करू द्या.

११. ऑफिसात एसी आहे, घरी पंखा. यानं फरक पडतो?

खूप. मला तर वाटतं अर्ध्या लोकांचा त्रास इथेच आहे आणि ते चष्म्याच्या दुकानात फेऱ्या मारतायत. एसी हवेतली ओल काढून घेतो, आणि झोत तोंडावर येत असेल तर डोळ्यावरचा अश्रूंचा थर दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखा सुकतो.

माझी स्वतःची गंमत सांगते. एका उन्हाळ्यात मी टेबलफॅन मॉनिटरच्या शेजारी ठेवला, माझ्याकडे तोंड करून, कारण घामानं कीबोर्ड चिकट होत होता. त्या आठवड्यापासून अकरा वाजले की डोळे तांबडेलाल. ड्रॉप घातले, चष्मा तपासला, काकडी ठेवली, सगळं केलं, आणि मे संपल्यावर पंखा माळ्यावर गेला तर आपोआप बरं झालं. तेव्हा ट्यूब पेटली. आता पंखा पायाशी, पोटऱ्यांना वारा लागेल असा. ऑफिसात एसीची पट्टी वर वळवता येते का बघा, नाहीतर जागा बदलून मागा, लाजू नका. कारमधेसुद्धा ब्लोअर काचेकडे किंवा पायाकडे.

१२. अक्षरं किती मोठी ठेवायची? लहान केली की जास्त मजकूर मावतो ना.

हा माझा आवडता प्रश्न, कारण इंग्रजीतून आलेले सल्ले इथे आपल्याला पुरे पडत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, पाय मोडलेलं अक्षर, म्हणजे त्याच ओळीच्या उंचीत तीन मजले. इंग्रजी १२ पॉइंटला आरामात वाचता येतं म्हणून मराठीही १२ ला ठेवलं की ध आणि घ, भ आणि म, ब आणि व एकमेकांचे सख्खे भाऊ होतात, अनुस्वार आहे का स्क्रीनवर कचरा आहे हे कळायला पुढे वाकावं लागतं. आणि पुढे वाकलात की प्र. ६ मधलं सगळं गेलं मुसळ केरात.

मी प्रूफ बघताना झूम १५० टक्के ठेवते आणि ओळींमधलं अंतर दीडपट करते, छपाईला जाताना परत कमी. नियम म्हणाल तर: पाठ खुर्चीला टेकून बसा, आणि 'निर्द्वंद्व' किंवा 'दुर्धर' असे शब्द न वाकता, डोळे बारीक न करता वाचता येईपर्यंत अक्षर वाढवा. ब्राउझरमधे कंट्रोल दाबून प्लस. स्क्रोल जास्त करावं लागतं हे मान्य, बोटं दमू देत.

१३. कुठले ड्रॉप घालू? मेडिकलवाल्यानं एक दिलेत, लाली लगेच जाते.

लाली लगेच जाते ना, तेच थांबवा. ते ड्रॉप डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसून लाली लपवतात, असर उतरला की पुन्हा येते, कधी आधीपेक्षा जास्त, आणि मग सवय लागते. त्याहून धोक्याचे म्हणजे स्टेरॉइडचे ड्रॉप, कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरून आणलेले. मनानं महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. त्यातून गेलेली नजर परत येत नाही, काचबिंदूची तरी.

कोरडेपणाला लागतात ते वंगणाचे ड्रॉप, कृत्रिम अश्रू. त्यात बहुतेकदा कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज असतं, बाटलीवर ०.५ टक्के वगैरे लिहिलेलं असतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण ते टिकाऊ रसायनच डोळ्याला बोचायला लागतं. साधी बाटली उघडली की तारीख लिहा आणि महिन्यानं फेकून द्या, अर्धी भरलेली असली तरी. हो, मलाही जिवावर येतं.

१४. गुलाबपाणी, मध, साजूक तूप? आजी सांगायची.

डोळ्याच्या आत काही नको. आजीच्या गुलाबपाण्यात काय होतं ते आजीला माहीत होतं, आपल्या बाटलीत सुगंध आणि काय काय आहे कोण जाणे, आणि ती जंतुरहित नसते. मध झोंबतो. काकडीच्या चकत्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवा, गार वाटतं, पंधरा मिनिटं सक्तीनं डोळे मिटले जातात, खरा फायदा तोच.

काशाच्या वाटीनं तळव्यांना तूप चोळणं मात्र मी अजून करते. डोळ्यांची उष्णता उतरते म्हणतात, तळवे काळे होतात ती उष्णता बाहेर आली म्हणतात. तो काळेपणा काशाचा आणि तुपाचा, पण झोप काय झकास लागते, आणि झोप झालेले डोळे सकाळी कमी चुरचुरतात. त्याला कोण नाही म्हणेल.

खरा कामाचा घरगुती उपाय म्हणजे शेक. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून, मनगटाला सोसेल एवढा गरम, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं, गार झाला की परत. मग पापणीच्या कडेनं बोटानं हलकेच दाबत जायचं. त्यानं तुंबलेलं तेल पातळ होऊन सुटतं. सारख्या रांजणवाड्या होणाऱ्यांनी तर कराच.

१५. गाजर, जवस, माशाच्या तेलाच्या गोळ्या?

गाजर अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्याला उपयोगी, स्क्रीनच्या त्रासाला त्याचा संबंध नाही. ओमेगा-थ्रीची २०१८ मधे अमेरिकेत मोठी चाचणी झाली, कोरड्या डोळ्यांना माशाच्या तेलाची गोळी ऑलिव्ह तेलाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. जवसाची चटणी भाकरीबरोबर खा, छान लागते, डोळ्यांचं औषध म्हणून खायची गरज नाही.

१६. माझा नंबर फक्त अर्धा आहे, तोही सिलिंडर. चष्मा न घालता चालतं की.

चालतं, म्हणजे डोळा चालवून घेतो. तेवढा अर्धा नंबर रस्त्यावर चालताना जाणवणार नाही, पण आठ तास बारीक अक्षरं वाचताना डोळा सतत ते धूसर सरळ करायला झटत राहतो आणि चार वाजता कपाळ धरून बसावं लागतं. महिनाभर घालून बघा, फरक पडला तर घाला. चष्मा घातल्यानं नंबर वाढतो हा गैरसमज आहे, आणि त्राटक करून किंवा चष्मा फेकून नंबर जातो हाही.

१७. चाळिशी लागली, प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचं आणि जवळचं) घेतला, आता मान दुखते. का?

कारण त्या काचेत वाचायचा भाग खाली असतो. तो पुस्तकासाठी, नजर खाली. स्क्रीन समोर आहे, मग तुम्ही हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून बघता, दिवसभर, कोंबडा आरवताना मान करतो तशी. मी आठ महिने मानेचे व्यायाम केले, तेल लावलं, उशी बदलली, आणि शेवटी डॉक्टरांनी विचारलं स्क्रीन किती लांब आहे? तोवर कुणी विचारलंच नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

उपाय दोन. मॉनिटर खाली आणा, अगदी टेबलाला टेकवा आणि थोडा मागे कलता करा. म्हणजे प्र. ६ मधले दिवाळी अंक तुम्ही काढून टाकायचे, हो, प्रोग्रेसिव्हवाल्यांना ते लागू नाही. नाहीतर फक्त कामासाठी वेगळा एकाच नंबराचा चष्मा करा, स्क्रीनच्या अंतराचा. वाचायचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरचा असतो, स्क्रीन त्याहून लांब, म्हणून हा नंबर त्यापेक्षा कमी निघतो. दुकानात जायच्या आधी घरी टेपनं अंतर मोजा आणि कागदावर लिहून न्या. हा चष्मा घालून गाडी चालवू नका, लांबचं दिसणार नाही.

१८. संध्याकाळी बसचा नंबर धूसर दिसतो, सकाळी नीट. नंबर वाढला का?

बहुधा नाही. दिवसभर आखडलेला स्नायू लगेच सैल होत नाही, म्हणून थोडा वेळ लांबचं अस्पष्ट. अशा वेळी ऑफिसातून थेट चष्म्याच्या दुकानात जाऊन मशीनवर नंबर काढला तर खोटा वाढीव मायनस येऊ शकतो आणि मग तो चष्मा आणखी त्रास देतो. तपासायला सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जा. लहान मुलांचा नंबर तर डॉक्टरांकडे ड्रॉप घालूनच बघितलेला बरा, याच कारणासाठी. सकाळीही धूसर असेल तर मात्र तपासा, आणि मधुमेह असेल तर साखर बघा, ती वरखाली झाली की नंबरही डोलतो.

१९. कॉन्टॅक्ट लेन्स घालून दहा तास बसते. चालेल?

लेन्स अश्रूंच्या थरावर तरंगते, तो थर आधीच कमी, वर एसी. आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसला चष्मा लावा. लेन्सवर साधे ड्रॉप टाकू नका, लेन्ससाठी चालणारे असं लिहिलेलेच. लेन्स घालून डुलकी अजिबात नको.

२०. उजवी पापणी चार दिवस लवतेय. शुभ की अशुभ?

कॉफी किती, झोप किती आणि डेडलाइन कधी, ते आधी सांगा. थकवा, ताण, चहा-कॉफी यांनी पापणीचा स्नायू असा फडफडतो, आपोआप थांबतो. आठवडे गेले तरी थांबेना, किंवा गाल-ओठही ओढला जायला लागला तर दाखवा.

२१. डोळे लाल झालेत, स्क्रीनमुळे की डोळे आलेत?

डोळे आले तर सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात, बऱ्याचदा आधी एक डोळा मग दुसरा, आणि घरात, शाळेत आणखी कोणाला तरी झालेलं असतं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे साथ आली तेव्हा आमच्याकडे दोघी तीन दिवस 'स्क्रीनमुळे असेल' म्हणत कामावर आल्या आणि मग सगळ्यांनाच सुट्टी घ्यावी लागली. स्क्रीनची लाली दोन्ही डोळ्यांना सारखी, संध्याकाळी जास्त, झोपून उठलं की कमी.

२२. मुलगा सहावीत आहे, टॅबवर क्लास. किती वेळ चालेल?

मुलांचा खरा प्रश्न मायनस नंबर लागण्याचा, आणि त्यात टॅब असो की पुस्तक, जवळून सलग वाचणं आणि बाहेर न जाणं हे दोन्ही मोजायचं. दिवसाचा मोकळा उजेड नंबर लागण्यापासून वाचवतो हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. तैवाननं तर २०१० पासून शाळांतून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीमच चालवली. त्यामुळे क्लासचे तास मोजत बसण्यापेक्षा संध्याकाळी सहाच्या आत त्याला खाली पिटाळा, क्रिकेट खेळू दे नाहीतर नुसता कट्ट्यावर बसू दे. टॅब हातात न देता टेबलावर उभा करा, जमल्यास क्लास टीव्हीवर लावा, अंतर वाढतं. अगदी लहानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणं: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना फार तर तासभर, कमी तेवढं चांगलं.

२३. नवीन मोबाईल घेतल्यापासूनच डोकं दुखतं, जुन्यावर नाही दुखायचं. असं असतं?

असतं. बरेच ओलेड स्क्रीन ब्राइटनेस कमी करताना प्रकाश खरा मंद करत नाहीत, भरभर चालू-बंद करतात. डोळ्याला दिसत नाही पण काहींना, विशेषतः अर्धशिशीवाल्यांना, बाधतं. दुसऱ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून स्क्रीनकडे बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर तो प्रकार आहे. सेटिंगमधे डीसी डिमिंग किंवा फ्लिकर कमी करण्याचा पर्याय असला तर लावा, नाहीतर ब्राइटनेस थोडा वर ठेवून खोलीत दिवा लावा.

२४. रात्री कुशीवर झोपून मोबाईल बघत होते, उठले तर एका डोळ्यानं दिसेना! पाच मिनिटांनी आलं. काय होतं ते?

एक डोळा उशीत दाबलेला, तो अंधाराला सरावला. दुसरा स्क्रीनच्या उजेडाला. उठल्यावर उजेडातला डोळा अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ त्यानं काळोखच दिसतो. २०१६ मधे डॉक्टरांनी अशा बायकांच्या केस नोंदवल्यात, आधी त्यांच्या बऱ्याच तपासण्या झाल्या होत्या. पण नीट ऐका: हे एवढंच, अस्संच घडलं असेल तर. उशी नव्हती, अंधार नव्हता आणि एका डोळ्याची नजर गेली, भले दोन मिनिटं, तर लगेच दवाखाना. तो मेंदूच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

२५. जर्मनीत आहे, इथे एसी नाही तरी हिवाळ्यात डोळे जळतात.

हीटर. गरम केलेली हवा कोरडी पडते, एसीचंच भावंड (प्र. ११). ह्युमिडिफायर लावून ओल ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, टेबल हीटरपासून लांब. आणि एक फायद्याची गोष्ट, युरोपीय संघात १९९० च्या निर्देशानुसार स्क्रीनवर काम करणाऱ्यांना डोळे तपासून घ्यायचा हक्क आहे आणि त्याचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. ऑफिसात विचारा.

२६. सगळं करून बघितलं तरी जळजळ जात नाही.

मग कारण स्क्रीनच्या पलीकडे असू शकतं. सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, लेसिकनंतरचे (नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशननंतरचे) महिने, या सगळ्यात डोळे सुकतात. तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर तेही आवर्जून सांगा. आणि थांबायचंच नाही अशी लक्षणं: अचानक चमका, अचानक वाढलेले काळे ठिपके, कडेनं पडदा आल्यासारखं, दोन-दोन दिसणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि ठणका. त्या दिवशीच जा.

२७. डॉक्टरकडे जाताना काय नेऊ?

सगळे जुने चष्मे, न आवडलेलेसुद्धा. चालू गोळ्या-ड्रॉपची नावं. स्क्रीनचं मोजलेलं अंतर. त्रास किती वाजता सुरू होतो आणि रविवारी असतो का, हे दोन शब्दांत लिहून. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब बघायला सांगा. बरोबर कोणाला तरी न्या, कारण बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले की चारेक तास जवळचं धड दिसत नाही आणि उजेड टोचतो, स्कूटर चालवू नका. त्या दिवशी कामही घेऊ नका. मी घेतलं होतं, चार पानंच तर आहेत म्हणून, आणि छापून आल्यावर बघितलं तर शेवटच्या पानावर 'परमार्थाचं धन' च्या जागी 'परमार्थाचं घन'.